आधी टेस्ट ब्लॉक, मग मशीन

माननीय संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत मध्यंतरी हाताने सुऱ्या-चाकू घडवणाऱ्या नागपूरच्या तरुणांविषयी लेख आला होता. लेख चांगला होता. त्यात ‘साठ रॉकवेल’ हा पोलादाच्या कडकपणाचा आकडा दोनतीनदा आला, पण तो कोणत्या यंत्रावर, पात्याच्या कोणत्या भागावर आणि टेम्परिंगच्या (कडक केलेले पाते पुन्हा थोडे तापवून ठिसूळपणा घालवण्याच्या) आधी की नंतर मोजला, हे कुठेच नव्हते. हल्ली चाकूच्या प्रत्येक जाहिरातीत हा आकडा असतो. म्हणून तो निघतो कसा आणि बिघडतो कुठे, हे सविस्तर लिहितो आहोत. पत्र लांबले आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

हिंगणा, बुटीबोरी, उप्पलवाडी, कळमेश्वर या भागांत एखादा कारखाना बंद पडला किंवा त्याने डिजिटल मशीन घेतले, की जुने दांड्याचे रॉकवेल मशीन भंगाराच्या भावाने बाहेर पडते. यांतली बरीच मशिने मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी पट्ट्यात बनलेली असतात. बिडाचा सांगाडा, आत लिव्हर आणि वजने, वर घड्याळासारखी डायल. इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्यामुळे तीस वर्षे जुने असले तरी दुरुस्त होते. चाकू करणाऱ्यासाठी ही उत्तम खरेदी आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र मशीन हा या खरेदीतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. टोचणारा हिरा आणि ठरावीक कडकपणाचा प्रमाणित टेस्ट ब्लॉक नसेल तर ते मशीन फक्त आकडे दाखवते, मोजत काहीच नाही.

कारण मोजणी फार बारीक आहे. सी स्केलवर, म्हणजे कडक पोलादासाठीच्या मापावर, १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू वापरतात, त्याच्या टोकाची गोलाई ०.२ मिलिमीटर त्रिज्येची असते. आधी १० किलोचा प्राथमिक भार देऊन डायल शून्यावर आणायची. मग आणखी १४० किलो, म्हणजे एकूण १५० किलो भार द्यायचा. तो काढून पुन्हा १० किलोवर आले की टोक मूळ जागेपेक्षा किती खोल राहिले, ते डायल दाखवते. दर ०.००२ मिलिमीटर खोलीला एक अंक, आणि तो १०० मधून वजा. म्हणजे ६० एचआरसी (सी स्केलवरचे रॉकवेल अंक) आले तर उरलेली खोली ०.०८ मिलिमीटर. चांगली सुरी ६० आणि मऊ पडलेली ५५, यांच्यातला फरक फक्त ०.०१ मिलिमीटर आहे. ॲन्व्हिलखाली, म्हणजे वस्तू ठेवतात त्या आधाराखाली, अडकलेला लोखंडी कीस याहून जाड असतो.

भंगारवाल्याकडे मशीन पाहायला गेलात तर रंग बघू नका. आधी वजने मोजा. मागच्या बाजूला लिव्हरच्या टोकाला ती टांगलेली असतात, आणि ६०, १०० व १५० किलोच्या मांडणीसाठी वेगवेगळी चकती असते. भंगारात मशीन येते तेव्हा एखादी चकती हमखास गायब असते, कारण ती सुटी विकली जाते. दुसऱ्या मशीनची चकती चालत नाही, कारण प्रत्येक मॉडेलचे लिव्हरचे गुणोत्तर वेगळे. गुणोत्तर १ ला २० असेल तर मागे ५० ग्रॅम कमी पडले की टोकावर एक किलो भार कमी पडतो. एकूण भारात १ टक्का, म्हणजे दीड किलो, एवढीच चूक भारतीय मानकाला चालते. चकती हरवली असेल तर अंदाजाने नवी वळवून घेऊ नका. ॲन्व्हिलवर प्रूव्हिंग रिंग किंवा पडताळलेला लोड सेल ठेवून प्रत्यक्ष भार मोजा, आणि त्याप्रमाणे चकती घासा.

मग हिरा. डब्यात जे आहे ते हिराच आहे ना, हे आधी बघा. पुष्कळदा बी स्केलचा (मऊ पोलादासाठीचा) १/१६ इंची गोळीचा होल्डर असतो आणि विकणारा त्यालाच ‘पॉइंट’ म्हणून देतो. गोळी कडक पोलादावर कधीही वापरायची नाही, ती चपटी होते. हिरा असेल तर २० पट भिंगाखाली, बाजूने उजेड पाडून टोक फिरवत पाहा. कड तुटलेली, टोकाभोवती बारीक वर्तुळाकार चीर, किंवा टोकावर चमकणारा सपाट ठिपका दिसला तर नवा हिरा घ्यावा लागेल, आणि त्याचा खर्च सौद्यात धरा. भंगारभावाच्या मशीनला नवा हिरा आणि दोन ब्लॉक जोडले की हा खर्च मशीनच्या किमतीच्या बरोबरीला येऊ शकतो. बहुतेकांचे गणित इथेच चुकते.

उचलण्याचा स्क्रू पूर्ण वरपासून खालपर्यंत फिरवून पाहा. मधेच जड जात असेल तर आटे गंजलेत. ॲन्व्हिलचा माथा बोटाने चाचपा. कुणीतरी वर जॉब, म्हणजे मोजायची वस्तू, न ठेवता हिरा टेकवला असेल तर त्यात खड्डा असतो, आणि खड्ड्याची उठलेली कड प्रत्येक रीडिंग बिघडवते. असा ॲन्व्हिल सरफेस ग्राइंडरवर हलका घासून घेता येतो, पण त्या ठोक्याने हिऱ्याचे काय झाले असेल, हा खरा प्रश्न. डॅशपॉटभोवती (भार सावकाश सोडणाऱ्या तेलाच्या दट्ट्याभोवती) तेल गळल्याचे डाग आहेत का पाहा. डायलची सुई हाताने प्लंजर उचलल्यावर अडखळत असेल तर डायल साफ करून घ्यावी लागेल. ही सगळी कामे होण्याजोगी आहेत. लिव्हरच्या टेकूवरची धारदार कड बोथट झालेली किंवा तुटलेली असेल, तर मात्र सौदा सोडून द्या. तिथे घर्षण वाढले की भार पूर्ण पोचत नाही आणि दर वेळी वेगळा पोचतो.

ही कड नेमकी वाहतुकीत जाते. टेम्पोत चढवण्याआधी वजने काढा, लिव्हर बांधून घ्या, हिरा काढून खिशात ठेवा. मशीन उभेच न्यायचे. आडवे टाकले की डॅशपॉटचे तेल सांडते. वजन मॉडेलप्रमाणे ७० ते १०० किलो धरा, म्हणजे दोन माणसांचे काम. घरी आणल्यावर अनेकांना पहिल्यांदा कळते की उचलण्याचा स्क्रू बैठकीच्या खाली उतरतो, त्यामुळे टेबलाला भोक लागते. साधे लाकडी टेबल पुरत नाही. अँगल आयर्नचा जड स्टँड करा, वर जाड प्लेट टाका, आणि ॲन्व्हिलवर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांना समतल करा. त्याच शेडमध्ये पॉवर हॅमर किंवा बेल्ट ग्राइंडर चालू असताना रीडिंग घेऊ नका. हादऱ्याने टोक जास्त खोल जाते आणि आकडा कमी येतो.

डॅशपॉट म्हणजे तेलाचा दट्ट्या. १४० किलो एकदम आदळू नयेत, सावकाश यावेत, एवढेच त्याचे काम. जॉब न ठेवता, १०० किलोच्या मांडणीत दांडा सोडला तर त्याने पूर्ण प्रवास ४ ते ५ सेकंदांत करावा. आणि इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. मानकाप्रमाणे चाचणी १० ते ३५ अंश तापमानात करायची. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये दुपारी पारा ४५ च्या पुढे असतो, तेल पातळ होते, दांडा धाडकन खाली जातो. आकडा कमी येतो आणि माणूस भट्टीला दोष देतो. उन्हाळ्यात मोजणी पहाटे उरका, नाहीतर मशीन कूलरच्या खोलीत ठेवा. पण कूलरच्या दमट हवेत ब्लॉक आणि ॲन्व्हिल गंजतात, म्हणून काम झाले की पुसून हलके तेल लावायचे, आणि पुढच्या वेळी ते तेल पूर्ण पुसूनच मोजायचे. डिसेंबरच्या थंड सकाळी उलटे होते. तेल घट्ट, दांडा रेंगाळतो. डॅशपॉटचा स्क्रू ऋतूप्रमाणे थोडा फिरवावा लागतो, आणि तो फिरवला की ब्लॉकवर पुन्हा पडताळणी करावी लागते.

आता टेस्ट ब्लॉक. हा ठरावीक कडकपणाचा पोलादी ठोकळा असतो, कडेवर त्याचा आकडा आणि सहनमर्यादा कोरलेली असते, सोबत प्रमाणपत्र येते. चाकूसाठी एक ६० ते ६३ च्या दरम्यानचा आणि दुसरा ४० ते ४५ चा, असे दोन घ्या. एकच परवडत असेल तर कडक घ्या. ब्लॉकच्या वरच्याच बाजूवर टोचायचे, खालच्या बाजूवर कधीच नाही. तिथे पडलेल्या खड्ड्यांच्या उठलेल्या कडांवर ब्लॉक डोलतो. दोन टोच्यांच्या, म्हणजे हिऱ्याने पाडलेल्या खड्ड्यांच्या, केंद्रांत निदान ३ व्यास आणि कडेपासून निदान अडीच व्यास अंतर ठेवा. साठच्या आसपास टोच्याचा व्यास साधारण ०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे दीड मिलिमीटर अंतराने टोचत गेलात तर एक ब्लॉक शेकडो वेळा वापरता येतो. भरला की घासून परत वापरू नका, त्याचे प्रमाणपत्र तिथेच संपते. भंगारात मशीनबरोबर जो टोचून चाळण झालेला ठोकळा मिळतो तो पेपरवेट म्हणून ठेवा.

दोन ब्लॉक का, ते सांगतो. कडक पोलादात टोक उथळ जाते, तिथे हिऱ्याच्या अगदी टोकाचाच आकार काम करतो. म्हणून मशीन ४० च्या ब्लॉकवर बरोबर आणि ६२ च्या ब्लॉकवर दोन अंक जास्त दाखवत असेल, तर हिरा बोथट झाला आहे. मऊ ब्लॉकवर जास्त चूक आणि कडक ब्लॉकवर कमी, तर भारात गडबड आहे, वजने आणि लिव्हर तपासा. पाच टोचे पाच वेगवेगळे आकडे देत असतील तर घर्षण, घाण किंवा ढिला ॲन्व्हिल. सगळे आकडे सारखेच कमी आणि एकमेकांच्या जवळ असतील तर आधी हादरे आणि दांड्याचा वेग पाहा. भारतीय मानक आयएस १५८६ चा पहिला भाग चाचणीच्या पद्धतीवर, दुसरा मशीन आणि हिऱ्याच्या पडताळणीवर, तिसरा ब्लॉकवर आहे. त्यात सी स्केलच्या मशीनला दीड अंकाची चूक मान्य आहे. तेव्हा घरच्या जुन्या मशीनवर ‘६०.५’ लिहिणे हा निव्वळ उत्साह आहे.

ब्लॉकशी जुळत नाही म्हणून डायल फिरवून आकडा जुळवणारे लोक आहेत. ते करू नका. फरक वहीत लिहा. ६२ च्या ब्लॉकवर मशीन ६३ दाखवते, तर साठच्या आसपासच्या पात्यातून एक वजा करा. तोच फरक ४५ वर लागू होईल असे धरू नका. फरक दोन अंकांच्या पुढे गेला तर दुरुस्ती करा, वजाबाकी नको. एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळा मशीनपाशी येऊन पडताळणी करतात. चाकू विकणाऱ्याने वर्षातून एकदा तो खर्च करावा.

प्रत्यक्ष मोजताना क्रम सोपा आहे. हिरा किंवा ॲन्व्हिल बदलला असेल तर पहिली दोन रीडिंग फेकून द्या, नव्या बैठका त्या भाराने बसतात. जॉब ठेवा, चाक फिरवून हिऱ्याला टेकवा, छोटी सुई लाल ठिपक्यावर आणि मोठी सुई उभी येईपर्यंत वर न्या. ठिपक्यापुढे गेलात तर मागे आणू नका, जॉब खाली घेऊन नव्या जागी सुरू करा. डायलचे शून्य सुईखाली आणा, दांडा सोडा, सुई थांबली की चारपाच सेकंद मोजा, दांडा हळू परत आणा आणि काळे आकडे वाचा. डायलवर काळ्याच्या शेजारी बी स्केलचे लाल आकडे असतात आणि ते ३० ने सरकलेले असतात. काळ्या ६० च्या जागी लाल ९० असतो. ‘माझी सुरी नव्वद आली’ असे कोणी म्हणाले तर काय झाले ते यावरून ओळखा.

हे सारे टूलरूमच्या कामालाही लागू आहे. चाकूची खरी अडचण पुढे आहे, कारण पाते हा रॉकवेलसाठी अत्यंत गैरसोयीचा आकार आहे.

उतार काढलेल्या भागावर मोजू नये. पाठ ३ मिलिमीटर आणि पात्याची उंची ४० मिलिमीटर असेल, उतार पाठीपासून धारेपर्यंत सरळ असेल, तर एक बाजू ॲन्व्हिलवर टेकवल्यावर वरची बाजू सव्वाचार अंशांनी कललेली राहते. शंकू तिरका घुसतो, पाते सरकू पाहते, आकडा कमी येतो. तिथेच मोजायचे असेल तर त्याच कोनाची पाचर घासून पात्याखाली ठेवा, म्हणजे वरचा पृष्ठभाग समतल येईल. पण त्याहून बरे म्हणजे मुठीपुढचा सपाट भाग, किंवा मुठीच्या फळ्यांखाली झाकला जाणारा भाग. तिथला टोचा विकताना दिसतही नाही. अट एवढीच की तो भाग पात्याइतकाच तापलेला आणि तेलात बुडालेला असावा. अनेक जण मूठ चिमट्यात धरून फक्त पाते बुडवतात, मग मुठीतला आकडा ४५ आला म्हणून घाबरतात. पारंपरिक पद्धतीने फक्त धारेला पाणी दिलेल्या कोयत्याचेही तसेच. पाठ मऊ असणारच, तिथे मोजून धारेबद्दल काही कळत नाही.

जाडी निदान उरलेल्या खोलीच्या १० पट हवी. ६० ला ०.८ मिलिमीटर, ४० ला १.२ मिलिमीटर. काटोल-वरुडकडच्या रोपवाटिकांत संत्र्याचे डोळे भरायला जे चाकू लागतात, त्यांचे पाते पाठीला दीड मिलिमीटर असेल तर पाठीजवळ मोजता येते, धारेकडे नाही. टोच्याच्या मागच्या बाजूला फुगवटा किंवा चकाकी दिसली तर ते रीडिंग बाद. लांब सुरा ॲन्व्हिलबाहेर लोंबकळत असेल तर त्याच्या वजनाने सपाट भाग उचलला जातो. दुसऱ्या टोकाला त्याच उंचीचा टेकू द्या. हाताने धरून ठेवणे म्हणजे भारात हाताचा भार मिसळणे.

आणि पृष्ठभाग. भट्टीतून निघालेल्या पात्यावर काळी पापडी असते आणि तिच्याखाली कार्बन जळून गेलेला मऊ थर. दोन्ही बाजू, खालची आणि वरची, ०.१ ते ०.२ मिलिमीटर घासा, पाणी वापरत, पाते तापू न देता. शेवट १२० ते २२० ग्रिटवर पुरे, आरशासारखे पॉलिश लागत नाही. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर सर्वांत स्वस्त चाचणी हीच: आणखी ०.२ मिलिमीटर घासून त्याच जागेशेजारी पुन्हा टोचा. आकडा तीनचार अंकांनी वाढला तर वरचा थर मऊ होता. तेवढाच राहिला तर दोष उष्णतेत किंवा तेलात आहे.

जुन्या मशीनचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे, आणि तो फार थोडे लोक करून घेतात. तयार चाकू मोजण्यापेक्षा टेम्परिंगच्या आधी मोजा. त्याच पोलादाची, त्याच जाडीची पट्टी पात्याबरोबर भट्टीत ठेवा, बरोबरच बुडवा, आणि आधी ती टोचा. टेम्परिंग न झालेले पाते ठिसूळ असते, त्याला टोचण्याची गरज नाही. ईएन ३१ हे बेअरिंगचे पोलाद ८२० ते ८४० अंशांवर धरून ५० ते ६० अंश गरम तेलात बुडवले तर ६४ ते ६६ यायला हवे. दोन तास, दोनदा, १८० ते २०० अंशांवर टेम्पर केल्यावर ६० ते ६१ च्या आसपास. ओएचएनएस (तेलात कडक होणारे टूल पोलाद) ७९० ते ८१५ अंशांवरून ६३ ते ६५. ट्रकच्या कमानीचे पट्टे ६० च्या आसपास येतात आणि टेम्परिंगनंतर ५७-५८ वर थांबतात. ते भाजी चिरायला पुरेसे आहे आणि कोयत्याला तर आणखी खाली, ५० ते ५५ वर आणावे, नाहीतर बाभळीच्या गाठीवर धार तुटते.

समजा ईएन ३१ बुडवल्यावर ५८ आले. पुष्कळ जण खूश होतात, ‘साठच्या जवळ आहे, आता थोडे टेम्पर करू’. हे पाते अर्धे कडक झालेले आहे. ६५ वरून ६० वर आणलेले पोलाद आणि कसेबसे ५८ ला पोचलेले पोलाद, दोन्हींचे आकडे जवळचे असले तरी धार टिकण्यात फार फरक पडतो. ५८ येण्याची कारणे दोन टोकांची असू शकतात. भट्टी कमी तापली किंवा जळालेले इंजिन ऑइल वापरल्याने थंड होणे मंदावले, हे एक. भट्टी ९०० च्या पुढे गेली आणि पोलादात न बदललेला ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची मऊ रचना) फार उरला, हे दुसरे. मशीन यांतला फरक सांगत नाही. पट्टी शिकंज्यात धरून तोडा. तुटलेला भाग राखाडी आणि मखमली दिसला तर दाणा बारीक आहे, म्हणजे उष्णता कमी पडली किंवा तेल मंद होते. साखरेसारखे चकाकणारे दाणे दिसले तर जास्त तापले. चुंबक सोडणे हा अंदाज ७७० अंशांचा आहे. तिथे थांबाल तर ईएन ३१ पुरते तापलेलेच नसते.

टेम्परिंगनंतर पुन्हा टोचा. ६५ वरून ६० ते ६१, म्हणजे चारपाच अंक उतरले तर ठीक. अजिबात उतरले नाही तर ओव्हनची तापमान लावायची चकती खोटे बोलते आहे. घरगुती ओटीजीत २०० वर लावले तरी आत वीसतीस अंशांचे चढउतार होतात, म्हणून पात्याशेजारी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवावा. आठदहा अंक उतरले तर ओव्हन फार पुढे गेला.

भंगारातले अनोळखी पोलाद ओळखायलाही हीच पट्टी कामाला येते. पूर्ण कडक झालेल्या साध्या पोलादाचा आकडा मुख्यतः कार्बनवर ठरतो. ०.४ टक्के कार्बनला साधारण ५६-५७, ०.६ टक्क्याला ६३-६४, त्यापुढे ६५-६६ वर थांबतो. पाण्यात बुडवूनही पट्टी ४५ च्या वर जात नसेल तर ते चाकूचे पोलाद नव्हे, त्यावर कोळसा वाया घालवू नका. २० च्या खाली सी स्केल वापरायचीच नाही. नरम केलेल्या पोलादासाठी गोळी आणि १०० किलोची बी स्केल आहे.

जाता जाता, हे मशीन बेअरिंगवाल्यांच्या गरजेतूनच आले. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये बॉल बेअरिंगच्या कड्या झटपट तपासता याव्यात म्हणून ह्यू आणि स्टॅन्ले रॉकवेल यांनी १९१४ मध्ये पेटंटचा अर्ज केला, पेटंट १९१९ मध्ये मिळाले. तेव्हा ईएन ३१ च्या पात्यासाठी ते चपखल आहे, यात आश्चर्य नाही.

आकडा जे सांगत नाही त्यातली एक गोष्ट वारंवार नडते. टोचा मुठीपाशी, आणि काम धारेवर. धार काढताना बेल्टवर ती ०.३ मिलिमीटरची होते आणि क्षणात तापते. निळा रंग दिसला म्हणजे तिथले तापमान ३०० अंशांच्या आसपास पोचले. १९० वर टेम्पर केलेले पाते तिथे मऊ झाले, मुठीपाशी मात्र मशीन अजूनही ६० दाखवेल. निळा रंग दिसायच्या आधीच, पिवळसर झाक येतानाच, टेम्परिंगची मर्यादा ओलांडलेली असते. धारेसाठी ४० ते ६५ अशा पाच-पाच अंकांच्या कडकपणाच्या कानशींचा संच वापरावा. कानस घसरते की पकडते, एवढेच पाहायचे. अचूकता पाच अंकांची, पण ती नेमकी धारेवर लागते.

ऑनलाइन मिळणारे पेनासारखे उसळीचे टेस्टर चाकूसाठी घेऊ नका. ते पाच किलोच्या वरच्या जड जॉबसाठी आहेत. दीडशे ग्रॅमचे पाते त्या आघाताने स्वतःच थरथरते आणि आकडा काहीही येतो.

शेवटी दोन विनंत्या. जुने मशीन काढणाऱ्या कारखान्यांनी ते पूर्ण संचानेच विकावे. वजने, हिरा, ॲन्व्हिल आणि माहितीपुस्तिका एकाच खोक्यात बांधून द्यावी. सुट्या वजनांना भंगारात काय भाव येणार, पण त्यांच्यावाचून मशीन कायमचे वाया जाते. आणि चाकू विकणाऱ्यांनी पाटीवर नुसते ‘६० एचआरसी’ न लिहिता असे लिहावे: ईएन ३१, टेम्परिंगनंतर, मुठीपुढच्या सपाट भागावर तीन टोच्यांची सरासरी ५९ ते ६१, अमुक आकड्याच्या ब्लॉकवर अमुक तारखेला पडताळलेले मशीन.

आपले,
टूलरूम आणि हीट ट्रीटमेंटच्या कामातील काही वाचक,
हिंगणा एमआयडीसी, नागपूर